मुके वाद्यवृंद

मुंबईतील जुनी नाचघरे, मद्यगृहे आणि वाद्यवृंदांनी गजबजलेली उपाहारगृहे यांची छायाचित्रे जमवण्याचा छंद अलीकडे बराच वाढला आहे. कोणी त्यांची पुस्तके काढतो, कोणी प्रदर्शने भरवतो. आणि फोर्ट-कुलाब्याच्या बाजूस एखादे नवे उपाहारगृह उघडले, की त्याच्या भिंतीवर अशी दोन-चार काळीपांढरी चित्रे चौकटीत बसवून टांगलेली हमखास आढळतात. पाहणारा क्षणभर थबकतो, ‘काय दिवस होते!’ असे पुटपुटतो आणि आपल्या ताटाकडे वळतो. या ‘काय दिवस होते’विषयी माझी एक तक्रार आहे. ती चित्रांविरुद्ध नाही, चित्रे पाहण्याच्या आपल्या रीतीविरुद्ध आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तक्रार वाढणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण ही तक्रार ज्यांच्यासाठी करावयाची, ती माणसे आपल्या घरोघरच्या गाण्यांत बसलेली आहेत. म्हणून वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे.

या जातीचे एक नमुन्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. उंच छत, झुंबर, मागे नक्षीदार पडदा. पडद्यापुढे दोन पायऱ्यांच्या उंचीचा मंच आणि त्यावर आठ-दहा माणसे. सर्वांच्या अंगात एकसारखे पांढरे कोट, गळ्याशी काळा बो. पुढच्या ओळीत सॅक्सोफोनवाले, मागे ट्रंपेट, एका बाजूला पियानो, दुसऱ्या बाजूला माणसाहून उंच डबल बेस. आणि मधोमध मोठा ड्रम. त्या ड्रमच्या चामड्यावर बँडमास्तरचे नाव वळणदार अक्षरांत रंगवलेले. सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. वाद्ये ओठांशी आहेत खरी, पण गाल फुगलेले नाहीत. समोरची नाचाची जमीन रिकामी आहे. म्हणजे चित्र काढले गेले ते गिऱ्हाइके येण्यापूर्वी, जाहिरातीसाठी. ज्या संगीताची आठवण म्हणून आपण हे चित्र जपतो, ते संगीत या क्षणी तेथे चालू नव्हतेच! छायाचित्र मुके असते हे सर्वांना ठाऊक आहे. पण अशी पुष्कळशी चित्रे मुळातल्या एका मुक्या क्षणाचीच चित्रे आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग या चित्रांत उरते काय? थाट उरतो. आणि थाट पाहून जी हळहळ उत्पन्न होते, तिलाच आपण स्मृती समजतो. माझे म्हणणे असे की, ही चित्रे थाटमाटाची चित्रे म्हणून न पाहता हजेरीपट म्हणून पाहावीत. त्या रात्री त्या मंचावर कामाला कोण होते, एवढेच विचारावे. हा प्रश्न विचारल्याबरोबर चित्र एकदम बोलू लागते.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून हे पटावयाचे नाही. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादकाने आपला वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. (निग्रो हा त्या काळचा शब्द, आज आपण आफ्रिकी-अमेरिकन म्हणतो आणि तेच योग्य.) त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवाला आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक यांनी ताजचे नाचघर गाजवले. ज्यांना स्वदेशी वर्णभेदाच्या भिंती ओलांडता येत नव्हत्या, त्यांना समुद्र ओलांडणे सोपे गेले. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यास त्याचा अंत झाला. या मंडळींनी जे बीज टाकले ते गोव्याच्या मुलांनी उचलले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. तेथून आलेला पोरगा धोबी तलावाजवळच्या आपल्या गावच्या कुडात पथारी टाकी आणि हाताला काम शोधी. कागदावरचे संगीत त्याला वाचता येत होते. जॅझ नावाचे कागदाबाहेरचे संगीत तो मुंबईत शिकला. कराचीहून आलेला मिकी कोरिया १९३९पासून १९६०पर्यंत ताजच्या वाद्यवृंदाचा नायक होता. एकवीस वर्षे! हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला.

हा सारा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथात मोठ्या आस्थेने सांगितला आहे. तो २०१२च्या सुमारास प्रसिद्ध झाला. या विषयावरचा इतका रसाळ आणि इतका छायाचित्रसमृद्ध ग्रंथ दुसरा माझ्या पाहण्यात नाही. कलावंतांच्या घरोघरच्या पेट्यांतून निघावी तशी चित्रे त्यात आहेत आणि लेखकाने ती मजकुराच्या शेजारी कष्टपूर्वक उभी केली आहेत. तरीही एक गंमत पाहा. हा ग्रंथ मी ज्यांना ज्यांना वाचावयास दिला, त्यांतील बहुतेकांनी प्रथम चित्रे पाहिली, आणि पुष्कळांनी चित्रेच पाहिली. ग्रंथ परत करताना ते बोलले ते झुंबरांविषयी, बायकांच्या झग्यांविषयी. गोव्याच्या पोराविषयी बोलणारा एखादाच निघाला. हा दोष लेखकाचा नव्हे. छायाचित्राची मोहिनीच अशी आहे, की ते मजकुराला सहज दाबून टाकते. म्हणून ज्याला चित्रांतून इतिहास सांगावयाचा आहे, त्याने मोहिनीशी थोडे भांडण मांडले पाहिजे. त्याच विषयाच्या उत्तरार्धावर ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ हे २००८ सालचे पुस्तक आहे. त्यात थाट कमी आहे. वादकांची स्वतःची बोलणी अधिक आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, म्हणजे पहिल्यातील चेहऱ्यांना दुसऱ्यातून आवाज मिळतो.

उत्तरार्ध म्हणजे काय, ते आता सांगितले पाहिजे. देश स्वतंत्र झाला, गोरे साहेब गेले. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५०च्या एप्रिलात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना काढून पिणे तेवढे राहिले. आजही पाट्यांवर दिसणारा ‘परमिट रूम’ हा शब्द त्याच काळाची खूण आहे. मद्यालये अंधारात गेली, आंटीच्या अड्ड्यांत बसली. मद्याच्या नफ्यावर वाद्यवृंद पोसणाऱ्या हॉटेलांना ते जड जाऊ लागले. चर्चगेटच्या रस्त्यावर, म्हणजे आताच्या वीर नरिमन मार्गावर, बॉम्बेली, नापोली, बेरीज, ॲम्बॅसेडरमधील ‘द अदर रूम’, ॲस्टोरियातील ‘व्हेनिस’ अशी ठिकाणे त्यानंतरही गाजली. १९५६ साली गेलॉर्डही आले. पण रात्रीच्या मिळकतीवर घर चालेना. तेव्हा वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊ लागले. रात्री चर्चगेट, सकाळी ताडदेव नाहीतर दादर, असा त्यांचा क्रम पडला.

आणि येथे आपला, म्हणजे मराठी वाचकाचा, या चित्रांशी संबंध सुरू होतो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी १९५१ साली ‘अलबेला’ला संगीत दिले. पडद्यावर होते दादरचे भगवानदादा. ती गाणी गेली सत्तर वर्षे आपल्या वरातींतून आणि गणपतींच्या मिरवणुकींतून वाजत आहेत. त्या गाण्यांतील ट्रंपेटचा उसळता झोत कोणाचा? चिक चॉकलेटचा. तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता, आणि ‘अलबेला’तील एका गाण्यात तर तो आपल्या वादकांसह प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षे करीत राहिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९५८ साली सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन भारतीय रागांवर आधारलेला पाश्चात्त्य धर्तीचा वाद्यवृंद उभा केला. १९७७ साली शिष्याने एका विनोदी गाण्यात गुरूचे नाव गुंफले आणि ते देशभर पोचले. हे नाव कोणा खऱ्या माणसाचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

ध्वनिमुद्रिकेच्या गोल कागदावर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, चित्रपटाचे असे. वाजवणाराचे नाव नसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार तर ‘साहाय्यक’ म्हणून एखादे नाव चमकून जाई. चाल संगीतकाराची, परंतु त्या चालीखाली कोणती वाद्ये कोठे येतील, कडव्यांच्या मधले संगीत कसे भरावयाचे, हे पुष्कळदा नोटेशन लिहिणारा हा मनुष्य ठरवी, आणि ते वाजवी तो त्याचा रात्रीचा सोबती. स्टुडिओच्या आत त्यांची चित्रे क्वचितच निघाली. त्यांच्या वाजवण्याची तेथे गरज होती, दिसण्याची नव्हती. म्हणून गेलॉर्ड, ताज, व्हेनिस येथल्या मंचावरची ही जाहिरातीची चित्रे म्हणजे त्या पिढीने मागे ठेवलेला जवळजवळ एकमेव हजेरीपट होय. आपण ज्याला विलासाचे चित्र म्हणून भिंतीवर टांगतो, ते खरे पाहता आपल्याच गाण्यांच्या कारागिरांचे ओळखपत्र आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे धनिकांचे चोचले! गिरणगावातल्या मराठी माणसाला या नाचघरांचे काय?’ आक्षेप खोटा नाही. त्या दारांतून आपल्यापैकी फार थोडे आत गेले. माझे बालपण गिरगावात गेले. रविवारी संध्याकाळी वडिलांबरोबर समुद्राच्या कडेने चर्चगेटपर्यंत फिरावयास जात असू. कोपऱ्यावरच्या सूना महाल या इमारतीत ‘टॉक ऑफ द टाउन’ होते. दार उघडे, तेवढ्यापुरता वाद्यांचा एक लोट रस्त्यावर येई आणि दार मिटले की कापल्यासारखा थांबे. वडील म्हणत, “चल, ते आपल्यासाठी नाही.” वडिलांचे म्हणणे खिशाच्या दृष्टीने बरोबरच होते. पण त्याच आठवड्यात चाळीच्या गॅलरीत रेडिओवर तीच वाद्ये वाजत, बहुधा तेच हात वाजवीत, आणि त्या वेळी ती आपल्यासाठी नाहीत असे कोणी म्हणत नसे! ज्या दारातून आपणांस प्रवेश नव्हता, त्याच दारातून सूर बाहेर येऊन आपल्या घरी राहिले. तेव्हा ही चित्रे परक्यांची म्हणून सोडून देणे हा आपल्याच गाण्यावर अन्याय आहे.

उलट बाजूनेही पाहण्यासारखे आहे. गिरणगावाची स्वतःची नाट्यघरे होती. लालबाग-परळच्या भागातील हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. तेही आता इतिहासजमा झाले. तमाशाविषयी संदेश भंडारे यांचा ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हा छायाचित्रांचा ग्रंथ आहे, आणि समीक्षक म्हणून मला तो या चर्चेत फार मोलाचा वाटतो. कारण भंडाऱ्यांचा कॅमेरा मंचापुरता थांबत नाही. तो मंचामागे जातो. फडातल्या माणसांचे रोजचे जगणे त्यात आहे, श्रम आहेत. तो ग्रंथ पाहून ‘काय दिवस होते!’ असे म्हणण्याचा धीर कोणाला होणार नाही. नाचघरांच्या चित्रांत नेमकी हीच बाजू नाही. रात्री दोन वाजता कोट उतरवून कुडाकडे चालत जाणारा सॅक्सोफोनवाला कोणी टिपला नाही. चित्रकाराला पैसे हॉटेलवाला देत होता. तो हॉटेलवाल्याला हवे तेच टिपणार. छायाचित्र खोटे बोलत नाही म्हणतात. असेल, पण ते कोणाच्या पदरचे खाऊन बोलते आहे, एवढे पाहून घ्यावे.

आणखी एक उणीव सांगतो. ड्रमवर नाव असे ते नायकाचे. चित्राखाली ओळ असते तीही ‘अमुक आणि त्यांचा वाद्यवृंद’ अशी. उरलेले सात-आठ जण ‘त्यांचा वाद्यवृंद’ या दोन शब्दांत विरघळून जातात. मराठीत आपण ‘वगैरे’ हा शब्द भाजीपाल्याच्या यादीत वापरतो. माणसांच्या यादीत तो वापरताना हात थोडा अडखळला पाहिजे. जो संपादक किंवा प्रदर्शनकार ही उरलेली नावे शोधून काढील, त्याने एक नवे चित्र सापडवल्याइतकेच काम केले, असे मी मानीन. कोकणी चित्रपट ‘नाचोंया कुंपासार’ने क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या जीवनाच्या आधारे या विसरलेल्या वादकांना अभिवादन केले, तेव्हा गोव्यातील आणि मुंबईतील कितीतरी म्हाताऱ्यांचे डोळे ओलावले. त्यांना आपली गाणी ऐकू आली, याहून आपला कोणीतरी उल्लेख केला, याचे अप्रूप अधिक असावे.

आता इमारतींविषयी. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मरीन ड्राइव्हची ती गोलसर कोपऱ्यांची घरे त्यात आली, सूना महालही आला. उत्तम झाले. पण ‘टॉक ऑफ द टाउन’चे पुढे ‘जॅझ बाय द बे’ झाले, आणि नंतर त्या नावातला जॅझ जाऊन पिझ्झा आला. भिंतीला संरक्षण मिळाले. भिंतीच्या आत जे घडत होते त्याला मिळाले नाही, आणि कायद्याने मिळणारही नाही. ताजशेजारचे ग्रीन्स हॉटेल तर भिंतींसकट गेले. त्या जागी १९७०नंतर ताजचा मनोरा उभा राहिला. धोबी तलावाचे रंगभवन हे आकाशाखालचे नाट्यगृह. १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा मोठा वादक मुंबईकरांनी ऐकला. पुढील वर्षांत रंगभवनातल्या यात्रेत दगडी पायरीवर बसून मीही जॅझ ऐकलेला आहे. तेथे दाराशी कोणी कोट-टाय पाहत नसे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रुग्णालये आणि विद्यालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतताक्षेत्र आखले. त्यात ते सापडले आणि २००३च्या सुमारास तेथील संगीत थांबले. रुग्णाची झोप आणि रसिकाचे गाणे यांच्या भांडणात मी रुग्णाच्या बाजूचा आहे. पण एक जागा बंद करताना दुसरी देण्याचे शहराला सुचले नाही, हे म्हणणे भागच आहे. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ २००७ साली उघडले आणि २०१६ साली त्या जागेतून उठले. गिरणीच्या जागी गाणे, गाण्याच्या जागी आणखी काही. जमीन मात्र प्रत्येक वेळी अधिक महाग.

‘ब्लू फ्रॉग’ची चित्रे ताजच्या चित्रांसारखी मोजकी नाहीत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर निघालेली ती चित्रे, त्यांची गणती कोण करणार! पण मौज अशी की, तेथेही बहुधा स्वतःचा चेहरा पुढे, मित्राचा खांदा शेजारी आणि मंच मागे निळ्या प्रकाशात धूसर. पूर्वी श्रोते दिसत नव्हते. आता वादक दिसत नाहीत. चित्रे वाढली म्हणून स्मृती वाढते, असे नाही.

म्हणून शेवटी वाचकांना एक साधी विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनी चित्रे खाली येतातच. त्यांत नाचघराचे चित्र नसेल. पण आजोबांच्या मेळ्याचे असेल, गिरणीतल्या भजनीमंडळाचे असेल, लग्नातल्या बँडचे, गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदाचे असेल. ते पुसून परत ठेवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने नको, ती पुढे फुटते. डावीकडून उजवीकडे, कोणी काय वाजवले तेही. एखादे नाव आठवणार नाही. तेथे जागा कोरी सोडा, पण ‘वगैरे’ लिहू नका. पुढच्या दिवाळीपर्यंत सांगणारे माणूस घरात असेलच, याची खात्री कोणाला देता येते?